मधेच दाबायचं बटण

ऑफिसात त्याला सगळे 'बोलाबोला' म्हणत. हे नाव ठेवायला कुणाला फार डोकं लढवावं लागलं नव्हतं. दोन माणसं एकाच वेळी बोलायला लागली की एकाने थांबायचं असतं, आणि तो एक नेहमी हाच असे. "नाही नाही, तुम्ही बोला, बोला," असं म्हणून तो मागे सरे आणि समोरचा बोलून बोलून दमेपर्यंत तसाच उभा राही. मीटिंगमध्ये त्याचा हात अर्धवट वर आलेला असे, साधारण कानाच्या पातळीपर्यंत. नव्याने आलेल्या एका बाईंना वाटलं की बिचाऱ्याचा कान दुखतोय. दुसऱ्या दिवशी त्यांनी कानात घालायचे थेंब आणून दिले आणि ते कसे घालायचे हे सविस्तर समजावलं. त्या बोलत होत्या, त्यामुळे 'माझा कान ठणठणीत आहे' हे त्याला सांगता आलं नाही. त्याने ते थेंब आठवडाभर घातले.

आणि अशा माणसाच्या वाट्याला काम कुठलं आलं होतं, तर मधेच तोंड घालण्याचं.

कंपनी लहानशी होती. कपडे धुण्याच्या मशीनच्या पोटात जो हिरवा बोर्ड असतो तो तिथे तयार होई. त्या बोर्डावर नखाएवढी एक चिप, आणि सगळा कारभार तिच्या हातात: पाणी घे, ड्रम फिरव, थांबव, उलटा फिरव, पाणी सोडून दे. चिप एका वेळी एकच काम करते. पण मशीन चालू असताना कुणी झाकण उघडलं, तर तिने हातातलं काम आहे तिथे टाकून आधी मोटर बंद करायची असते, नाहीतर आत गेलेल्या हाताचं काही खरं नाही. या मधेच आलेल्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. आपण पुस्तक वाचत असतो आणि दारावरची बेल वाजते. आपण पानात खूण घालतो, दार उघडतो, आलेल्याला वाटेला लावतो आणि परत येऊन त्याच ओळीपासून वाचायला लागतो. चिपनेही तेच करायचं. झाकण बंद झालं की जिथे होती तिथून पुढे.

हे तपासायला खरं मशीन, खरं पाणी आणि खरी ओली फरशी लागू नये म्हणून कंपनीने सिम्युलेटर घेतला होता. म्हणजे स्क्रीनवर खोटी चिप, खोटा ड्रम, खोटं पाणी आणि कडेला बटणं. त्यातलं लाल बटण म्हणजे 'झाकण उघडलं'. खोटा ड्रम फिरत असताना बोलाबोलाने ते लाल बटण दाबायचं आणि चिप नीट वागते का ते बघायचं. चिप नीट वागली की स्क्रीनवर हिरवी खूण येई. गेले कित्येक महिने त्याच्या टेस्टमध्ये हिरव्याशिवाय दुसरा रंग दिसला नव्हता. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला ती स्क्रीन दाखवत आणि म्हणत, "बघा, कसं शेत पिकलंय."

घरी त्याचे वडील होते. बाबा शाळामास्तर. नोकरी केव्हाच संपली होती, शिकवणं अजून चालू होतं. मोठ्यांच्या मधे बोलू नये हा त्यांनी मुलांना दिलेला पहिला धडा. थोरला तो दुसऱ्याच दिवशी विसरला, धाकट्याने, म्हणजे बोलाबोलाने, मात्र तो असा काही मनावर घेतला की मास्तरांनीच धसका घ्यावा. धाकटा लहान असताना एकदा बाबा पाहुण्यांना काहीतरी समजावून सांगत होते आणि आत न्हाणीघरात नळ चालू राहिला होता. पोरगं येऊन उंबऱ्यात उभं राहिलं, हात अर्धवट वर. बाबांचं वाक्य संपेना. पाणी आधी पोराच्या पायाखाली आलं, मग जाजमाखाली गेलं आणि शेवटी दारात काढून ठेवलेल्या पाहुण्यांच्या बुटांत शिरलं. बूट तरंगायला लागल्यावर पाहुणे "अरेच्चा" म्हणाले. तेवढ्या फटीत पोरगं म्हणालं, "बाबा, नळ चालू आहे." त्या दिवशी याला रागवावं की शाबासकी द्यावी हे बाबांना ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

बाबांची स्वतःचीही एक खोड होती. त्यांना कुणी मधेच तोडलं तर ते चिडत नसत. ते नुसते पहिल्यापासून सुरू करत. त्यांच्या शाळेतल्या घंटेची एक गोष्ट होती. "घंटा पितळेची होती, हे आधी लक्षात घ्या," अशी तिची सुरुवात. एके दिवशी ती घंटा नाहीशी होते, तास संपल्याचं कुणालाच कळत नाही आणि बाबा शिकवतच राहतात, इथपर्यंतची गोष्ट घरातल्या भांड्यांनासुद्धा पाठ होती. पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. कारण तिथवर येईतो फोन तरी वाजे, दूध तरी उतू जाई, नाहीतर सूनबाई मधेच काहीतरी विचारी. मग बाबा एक घोट पाणी पीत आणि म्हणत, "तर घंटा पितळेची होती."

सूनबाई दातांची डॉक्टर होती. तिच्यासमोर दिवसभर माणसं आ वासून बसलेली असत आणि एकालाही धड बोलता येत नसे. त्यामुळे घरी आल्यावर तिला गप्पांची फार हौस असे. मधे बोलायची तिला लाजही वाटत नसे आणि भीतीही नाही. घंटेची गोष्ट आजवर पुरी झाली नाही याला निम्म्याहून अधिक तीच जबाबदार होती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक दिवस जेवताना बाबांनी जाहीर केलं की आता ते थोरल्याकडे, म्हणजे दादाकडे, राहायला जाणार.

त्यामागचं कारण साधं होतं. घर दोन खोल्यांचं. एक खोली नवराबायकोची, दुसरी बाबांची. बोलाबोला घरून काम करी त्या दिवशी त्याचं टेबल पॅसेजमध्ये असे, चपलांच्या मांडणीला खेटून. कुणी बाहेरून दार उघडलं की ते थेट त्याच्या खुर्चीवर आपटे, आणि तो "सॉरी" म्हणून खुर्ची पुढे ओढी. म्हणजे दार आपटलं त्याला, आणि सॉरीही तोच म्हणे. बाबा येताजाता हे बघत होते. आपल्यामुळे पोराला चपलांत बसावं लागतंय हे त्यांना टोचत होतं.

हे त्यांनी सरळ सांगितलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण बाबांना एका वाक्यात बोलायची सवय नव्हती. त्यांनी त्यांच्या पहिल्या भाड्याच्या घरापासून सुरुवात केली. त्या घराच्या खिडक्या, घरमालकाचा स्वभाव, मग दुसरं घर, तिथला जिना, जिन्यावरून पडलेला दूधवाला, असं करत करत ते आजच्या घरापर्यंत आले आणि म्हणाले की माणसाने दुसऱ्याची जागा अडवू नये. दादाकडे जागा भरपूर आहे.

बोलाबोलाचा घास हातातच राहिला. 'बाबा, जाऊ नका,' एवढंच त्याला म्हणायचं होतं. सकाळी बाबांनी पेपर मोठ्याने वाचला नाही आणि छापणाऱ्यांच्या शुद्धलेखनाचा उद्धार केला नाही, तर दिवस उजाडलाय असं त्याला वाटतच नसे. दादा काही वाईट नव्हता. त्याच्याकडे मोठी खोली होती, मऊ गादी होती, भिंतभर टीव्ही होता. फक्त ऐकायला कुणी नव्हतं. सकाळी सगळे बाहेर पडत ते संध्याकाळी दमून परतत. दादा फोनवरसुद्धा बाबांना "मुद्द्यावर या, मुद्द्यावर या," म्हणे. बाबांना एक वेळ जेवण कमी पडलं तर चाललं असतं. ऐकणारा माणूस मिळाला नसता तर ते चार दिवसांत वाळून गेले असते. हे सगळं बोलाबोलाला लख्ख दिसत होतं. त्याचा हात कानापर्यंत वर आला होता आणि तो वाक्य संपायची वाट बघत होता.

वाक्य संपलं तेव्हा बाबा बेसिनपाशी हात धूत होते.

"अरे, बोलला का नाहीस?" बायकोने विचारलं.

"ते बोलत होते ना."

"मग मधे बोलायचं!"

"मधे कसं बोलणार?"

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी जेवताना बाबा पुन्हा पहिल्या घराच्या खिडक्यांवर आले तेव्हा तिने सरळ तोंड घातलं.

"बाबा, कशाला जाताय? राहा की इथेच."

"तू म्हणणारच गं," बाबा म्हणाले. "सुनेला असं म्हणावंच लागतं. त्याच्याकडे बघ. म्हणतोय का तो काही? त्याला पटलंय." आणि एक घोट पाणी पिऊन ते म्हणाले, "तर, आपण पहिलं घर भाड्याने घेतलं तेव्हा..."

मूग गिळून बसलेल्या माणसाला आपलं म्हणणं पटलंय असंच सगळे धरून चालतात. बाबांनी दादाला कळवलं. दादाने दोन मिनिटांत ठरवून टाकलं: रविवारी सकाळी गाडी पाठवतो.

त्याच आठवड्यात ऑफिसातही विघ्न आलं. कंपनीने एक मशीन चाचणीसाठी एका वसतिगृहात बसवलं होतं. तिथल्या व्यवस्थापिकाबाईंचा फोन आला. त्यांनी म्हणे सकाळी चादरी टाकल्या. थोड्या वेळाने एका मुलीने येऊन राहिलेला मोजा आत टाकला. झाकण उघडताच मशीन शहाण्यासारखं थांबलं. झाकण लावलं आणि मशीनने पहिल्यापासून धुवायला घेतलं. अधूनमधून ते नीटही वागे, पण त्याचा भरवसा नाही. वसतिगृहात मोज्यांना तोटा नसतो. दर थोड्या वेळाने कुणीतरी एकेक मोजा घेऊन येत राहिलं आणि सकाळच्या चादरी संध्याकाळपर्यंत धुतल्याच जात होत्या.

"चादरींवर फुलं होती," बाई फोनवर म्हणाल्या. "आता नाहीत."

चिपचा प्रोग्राम लिहिणारी बाई बोलाबोलाच्या शेजारीच बसे. तिला ऑफिसात 'तडतडी' म्हणत. तिचं बोलणं तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं होतं आणि राग नाकाच्या शेंड्यावर. साहेबांनी दोघांना बोलावलं, शेत पिकलेली स्क्रीन त्यांच्यासमोर धरली आणि विचारलं की इथे सगळं हिरवं आणि तिथे फुलं गायब, हे काय गौडबंगाल आहे? तडतडीला तोंडघशी पडल्यासारखं झालं. ती तरातरा बाहेर आली, आपली खुर्ची ओढत बोलाबोलाच्या मागे घेऊन गेली आणि म्हणाली, "तू टेस्ट कशी करतोस ते मला दाखव."

त्याने सिम्युलेटर सुरू केला. खोटा ड्रम फिरायला लागला. बोलाबोलाचं बोट लाल बटणावर अधांतरी थांबलं. ड्रम गर्रकन फिरला, मंदावला, उलटा फिरण्याआधी क्षणभर थबकला. तेवढ्यात त्याने बटण दाबलं. चिप थांबली, झाकण लागलं, चिप पुढे चालू झाली. हिरवी खूण.

"पुन्हा," तडतडी म्हणाली.

पुन्हा तेच झालं. ड्रम फिरला, मंदावला, थबकला. मग बटण.

"तू थांबलास का?"

"ड्रम फिरत होता."

"मग?"

"फिरून झाल्यावर दाबलं."

"पण फिरत असतानाच दाबायचं असतं!"

"असं मधेच?" बोलाबोला म्हणाला. आणि हे शब्द तोंडातून निघाल्यावर त्याला स्वतःलाच घाम फुटला.

तडतडीने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. रात्रीच्या आपोआप चालणाऱ्या टेस्टसाठी त्याने ज्या सूचना लिहून ठेवल्या होत्या त्या तिने उघडल्या. पहिली ओळ: ड्रम थांबेपर्यंत वाट बघ. दुसरी ओळ: बटण दाब. पुढच्या टेस्टमध्ये तेच. पाणी भरत असेल तर भरून होऊ दे, मग बटण दाब. पाणी सुटत असेल तर सुटून होऊ दे, मग बटण दाब. शेकडो टेस्ट, आणि एकाही टेस्टमध्ये त्याने त्या चिपला कामात असताना हाक मारली नव्हती. इतक्या महिन्यांत त्याने एका निर्जीव कॉम्प्युटरलासुद्धा आदबीने वागायला शिकवलं होतं.

"हे असं का लिहिलंस तू?" तडतडीचा आवाज चक्क खाली आला होता. राग यायच्याही पलीकडे गेली होती ती.

"मला कळलंच नाही," बोलाबोला म्हणाला. ते अगदी खरं होतं. आपण वाट बघतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. श्वास घेताना आपण श्वास घेतोय हे कुणाला कळतं?

"आता दाब. मी सांगते तेव्हा."

ड्रम भरात आला. "दाब!" ती ओरडली. बोट हलेना. "दाब म्हणते ना!" त्याने डोळे मिटले, बटण दाबलं आणि स्क्रीनला म्हणाला, "सॉरी हं."

तडतडी हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. पण तिने त्याला सोडलं नाही. दाब, दाब, दाब. प्रत्येक वेळी तो "सॉरी" म्हणे, आणि हळूहळू सॉरीचा आवाज बारीक होत गेला. आणि मग एकदा असं झालं की त्याने बटण दाबलं, चिप थांबली, झाकण लागलं आणि खोटं मशीन खोटं पाणी भरायला लागलं. पहिल्यापासून. स्क्रीनवर लाल खूण उमटली. त्याच्या नोकरीतली ती पहिली लाल खूण होती.

"सापडला बग!" तडतडीने टाळी वाजवली आणि लगेच स्वतःच्याच प्रोग्रामवर तोंड टाकलं. मग तिने त्याला समजावलं. चिप कुठपर्यंत आलीय हे तिला सारखं टिपून ठेवावं लागतं, आणि ते दोन भागांत टिपावं लागतं. एक भाग टिपून झाला आणि नेमकं त्याच क्षणी कुणी झाकण उघडलं, तर दुसरा भाग टिपायचा राहतो. परत आल्यावर तिला अर्धाच पत्ता सापडतो. अर्ध्या पत्त्यावर कुठे जाणार? मग ती आपली पहिल्यापासून सुरुवात करते.

"आमचे बाबा!" बोलाबोलाच्या तोंडून निघालं.

"काय तुमचे बाबा?"

मग त्याने सगळं सांगितलं. पितळेची घंटा, पहिल्या घराच्या खिडक्या, रविवारची गाडी, सगळं. तडतडी दर दुसऱ्या वाक्याला त्याला तोडत होती. "थांब, दादा म्हणजे थोरला ना?" "मग बायको काय म्हणाली?" "आणि तू बघत बसलास?" आणि बोलाबोलाला नवल वाटलं, की ती इतकी मधेमधे करतेय आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाहीय. उलट बरं वाटतंय. कुणीतरी ऐकतंय हे त्यामुळेच तर कळत होतं.

"माझ्या चिपला हाक मारली तर तिला वाईट वाटेल असं वाटायचं तुला?" तडतडी म्हणाली. "अरे, हाक आली नाही तर ती त्याच चादरी जन्मभर फिरवत बसेल. तिला दुसरं काय माहीत? रविवारी गाडी यायच्या आत बोल बाबांशी."

संध्याकाळपर्यंत तिने प्रोग्राम दुरुस्त केला. पत्ता पुरता टिपून होईपर्यंत हाकेला क्षणभर दारात उभं करायचं आणि लगेच आत घ्यायचं, एवढंच करायचं होतं. बोलाबोलाने सगळ्या टेस्टमधली 'वाट बघ' ही ओळ खोडली. खोडताना त्याला आपली जुनी खुर्ची कुणाला तरी देऊन टाकल्यासारखं वाटलं.

चिप सुधारली. स्वतःला सुधारणं जरा जड गेलं. त्याने आधी रेडिओवर सराव केला. बातम्या देणारी बाई बोलत असताना तो खणखणीत म्हणाला, "एक मिनिट!" बाई थांबली नाही, पण त्याला धीर आला. मग ऑफिसच्या लिफ्टमध्ये, 'कृपया दरवाजापासून दूर' असं आवाज म्हणत असताना तो म्हणाला, "मला काहीतरी सांगायचंय." लिफ्टमधले दोघे घाबरून वळले आणि म्हणाले, "सांगा." बोलाबोला म्हणाला, "नाही नाही, तुम्ही बोला."

शनिवारी सकाळी बाबा पेपर वाचत होते. बायकोने त्याला डोळ्यांनी खुणावलं, मग कोपराने ढोसलं, आणि शेवटी टेबलाखालून पायावर पाय दिला.

"बाबा," तो म्हणाला.

बाबांनी पेपर खाली केला. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. त्यांनी चष्मा काढला. "काय रे?"

आता मैदान मोकळं होतं. कुणीच बोलत नव्हतं. बाबा त्याच्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की बोलाबोला बोलायचं वाक्यच विसरला. त्याची ततपप झाली आणि जुनी सवय मदतीला धावली.

"काही नाही. तुम्ही वाचा, वाचा."

बाबांनी चष्मा पुन्हा घातला. पण पानभर चुका होत्या आणि त्यांनी एकीवरही तोंड टाकलं नाही. बायको उठून आत गेली आणि भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला.

रविवारी गाडी वेळेवर आली. खाली हॉर्न वाजला. बाबांच्या दोन बॅगा पॅसेजमध्ये चपलांच्या मांडणीपाशी उभ्या होत्या. बाबा बूट घालून तयार होते, एक हात पोराच्या टेबलावर टेकलेला. त्यांनी टेबलावरून हात फिरवला, आतल्या आपल्या रिकाम्या खोलीकडे बघितलं आणि म्हणाले, "खिडकीशी लाव टेबल. उजेड डावीकडून आला पाहिजे." मग बॅगेचा पट्टा उगाचच सोडला आणि उगाचच बांधला. मग म्हणाले, "जाता जाता तुम्हाला घंटेची गोष्ट पुरी सांगून जातो. घंटा पितळेची होती, हे आधी लक्षात घ्या."

आणि आश्चर्य असं, की त्या दिवशी कुणीच मधे बोललं नाही. फोन वाजला नाही. दूध उतू गेलं नाही. सूनबाईसुद्धा ओठ घट्ट मिटून भिंतीला टेकून उभी होती, कारण आता तिने काही बोलून उपयोग नव्हता. बाबा सांगत गेले. घंटा नाहीशी झाली. तास संपेना. बाबा शिकवत राहिले. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. आजवर कुणी ऐकली नव्हती तिथवर गोष्ट आली. उन्हं खिडकीतून बाकांवर आली, बाकांवरून भिंतीवर चढली. पोरं पेंगायला लागली, पण एकही उठेना. बाबांनाही आता दम लागला होता, पण घंटा झाल्याशिवाय मास्तराने थांबायचं कसं? खाली हॉर्न पुन्हा वाजला.

बोलाबोलाला कळलं की गोष्ट आता संपणार. आणि गोष्ट संपली की बाबा बॅग उचलणार. इतकी वर्षं तो ज्या क्षणाची वाट बघत आला होता, ड्रम थबकण्याचा, वाक्य संपण्याचा, तो क्षण आला की सगळं संपलेलं असणार. बोलायचं तर आत्ताच, जिथे बोलू नये तिथेच.

"...आणि तेवढ्यात दारातून," बाबा म्हणाले, "पहिल्या बाकावरचं ते..."

"बाबा, जाऊ नका!"

आवाज अपेक्षेपेक्षा फारच मोठा निघाला. मांडणीवरची एक चप्पल खाली पडली. सूनबाईने तोंडावर हात ठेवला. बाबांचं तोंड उघडंच राहिलं.

"मला नको ती खोली," बोलाबोला म्हणाला. एकदा बांध फुटल्यावर त्याला थांबता येईना. "मला चपलांतच बरं वाटतं. तिकडे तुमचं कोण ऐकणार? मला सकाळी पेपर कोण वाचून दाखवणार? जाऊ नका तुम्ही. मला हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात."

बाबा पोराच्या खुर्चीवर बसले, अगदी सावकाश.

"अरे गाढवा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. "मी काय हौसेने बोलत होतो? रोज नवी खिडकी काढायची, रोज नवा घरमालक काढायचा. म्हटलं, आता तरी हा अडवील. आता तरी मधे बोलेल. त्या घरांच्या खिडक्या संपल्या रे माझ्या. शेवटच्या दोन तर मी मनाने लावल्या."

बाबांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि मांडणीवर आपल्या नेहमीच्या जागी ठेवले. सूनबाईने दोन्ही बॅगा उचलल्या आणि त्या आत नेताना डोळे खांद्याला पुसले. तेवढ्यात दारावरची बेल वाजली, नुसतं लोटलेलं दार उघडलं आणि बोलाबोलाच्या खुर्चीवर, म्हणजे आज बाबांवर, आपटलं. दारात गाडीचा ड्रायव्हर उभा होता.

"निघायचं ना, काका? दोनदा हॉर्न दिला मी."

"निघायचं नाही," बाबा म्हणाले. "आत या. चहा घेऊन जा."

"बाबा," सूनबाई आतून धावत आली, तिला राहवेना, "पहिल्या बाकावरचं ते काय? दारातून काय? तिथपासून सांगा, तेवढंच राहिलंय!"

बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. ड्रायव्हर टेबलाच्या कडेला टेकला. बोलाबोलाने चहाचं आधण ठेवलं आणि परत येऊन दारात उभा राहिला. पुढे काय होणार ते त्याला माहीत होतं. हा बग त्याला सापडला होता, त्याचं कारणही ठाऊक होतं, आणि जगात कुणी तो दुरुस्त करू नये असं त्याला अगदी मनापासून वाटलं. बाबा एक घोट पाणी प्याले, नव्या श्रोत्याकडे वळले आणि म्हणाले:

"घंटा पितळेची होती, हे आधी लक्षात घ्या."